वजीर का गेला?

पिंपळे सौदागर,
रविवार, सकाळ

ती. सौ. विजयश्रीताईच्या पायांना धाकट्या अनंताचा नमस्कार. (त्यातल्या डाव्या गुडघ्याला जरा बेतानेच.) भाऊजींची साखर ते सांगतात तेवढीच आहे की तपासणीत निघते तेवढी, ते कळव. आम्ही सगळे बरे आहोत. फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. पण फोनवर तू बुद्धिबळाच्या चालीपलीकडे माझं काही वाचत नाहीस, आणि मला तर आज पाल्हाळ लावायचं आहे.

विषय आप्पांच्या शिसवी पटाचा. आप्पा गेल्यावर आपण भावाबहिणीने ठरवलं, की वर्षातून एक डाव मांडायचा, फोनवर दिवसाला एक चाल कळवायची, आणि जो जिंकेल त्याच्या घरी पट पुढच्या दिवाळीपर्यंत राहील. हा न्याय्य करार झाल्यापासून पटाने तुझी बार्शी सोडलेली नाही. यंदा मात्र सोडणार. मी हॉलमधल्या शोकेसचा मधला कप्पा रिकामा करून त्यात दिवासुद्धा बसवून घेतला आहे. सोसायटीतले लोक येतात आणि तो उजळलेला रिकामा कप्पा बघून जातात.

एवढा आत्मविश्वास कुठून आला म्हणशील, तर हरण्यातून. यंदा मी माझेच हरलेले डाव तपासायला घेतले. थोर खेळाडू हेच करतात म्हणे. (ते जिंकलेलेही तपासतात, माझं काम बरंच कमी होतं.) आता, चाकणच्या कंपनीत क्वालिटी खात्यात माझे केस पांढरे झाले. आमच्याकडे खराब माल परत आला की पाच वेळा 'का' विचारायची पद्धत आहे. पार्ट का तुटला, भेग का पडली, असं खणत गेलं की पाचव्या 'का'ला मूळ कारण सापडतं, आणि ते नेहमी दुसऱ्या डिपार्टमेंटमध्ये सापडतं. इतक्या वर्षांत आमच्या डिपार्टमेंटात ते एकदाही निघालेलं नाही, इतकी ती पद्धत शास्त्रशुद्ध आहे.

तीच मी डावांना लावली. पहिला डाव कंपनीच्या बसमधला. पेंट शॉपमधला नवनाथ माझ्या शेजारी बसतो आणि आम्ही मांडीवर चुंबकाचा पट घेऊन खेळतो. त्यात माझा वजीर गेला. का गेला? नवनाथचा उंट दिसला नाही. का दिसला नाही? बस उडाली. का उडाली? खड्डा होता. खड्डा का होता? रस्ता खणला होता. का खणला? ते खणणाऱ्यालाही सांगता येणार नाही. म्हणजे माझा वजीर रस्तेवाल्यांनी मारला. दुसरा डाव खाली क्लबहाउसात मारुतरावांशी. हे निवृत्त हेडमास्तर, सोसायटीचे चॅम्पियन, चाल करण्याआधी खोकतात. त्यात माझा हत्ती गेला. कारण खोकला, खोकल्याचं कारण कबुतरं, आणि कबुतरांचं कारण तिसऱ्या मजल्यावरच्या सुमनताई, ज्या त्यांना ज्वारी घालतात. मी सुमनताईंना तसं लेखी कळवलं. हल्ली त्या माझ्याशी बोलत नाहीत. तिसऱ्या डावाचं मूळ कारण आमच्या सौ. वासंतीचा चहा निघालं. तिथे मी लेखी काही दिलं नाही.

पण तिने कागद पाहिलेच. वासंतीला घोडा कसा चालतो ते ठाऊक नाही, आणि ठाऊक करून घ्यायची हौसही नाही. सगळं चाळून ती म्हणाली, "खड्डा आहे, कबुतर आहे, मी पण आहे. तुम्ही कुठायत यात?"

मी म्हटलं, "मी तपासणारा."

"मग बरोबर," म्हणाली, आणि पिशवी घेऊन भाजीला गेली.

ताई, ते लागलं. मी सगळे डाव पुन्हा मांडले, या वेळी रस्ता आणि पक्षी वगळून. तेव्हा दिसलं की सगळीकडे रोग एकच आहे. एखादी झकास चाल सुचली की माझा हात डोक्याच्या आधी निघतो. समोरच्याने आत्ता काय खेळलं, ते मी बघतच नाही. नवनाथचा उंट तर बस उडायच्या कितीतरी आधी तिथे येऊन बसला होता. त्यावर मी उपाय काढला: दोन्ही तळवे मांड्यांखाली घालून हातांवर बसायचं. हात सोडवेपर्यंत पट पुन्हा एकदा बघून होतो. बसमध्ये याचा निराळाच अर्थ लावला गेला. नवनाथ हळूच म्हणाला, "साहेब, मधल्या शीटवर बसू आपण, तिथं दणका कमी बसतो. माझ्या मेव्हण्यालाबी हाच त्रास हाय." असो. गेल्या आठवड्यात मी मारुतरावांना हरवलं. ते आधी खोकले, मग म्हणाले, "अनंतराव, तब्येत बरी आहे ना?" माझ्या खेळाचं एवढं कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं.

तात्पर्य, घाई हा माझा दोष होता आणि तो मुळासकट गेला. आपल्या डावातही माझं एक प्यादं जास्त आहे, तुझा राजा उघड्यावर आहे. तेव्हा पट जुन्या साडीत गुंडाळायला घे. (काळ्या हत्तीचं डोकं आप्पांनी डिंकाने चिकटवलेलं आहे, त्याला वेगळं बांध.) भाऊजींना नमस्कार.

तुझा,
अनंत

ता. क. हे पत्र लिहिता लिहिता मध्येच मी तुला आजची चाल पाठवली. वजिराची. झकास वाटली. आता पाकीट चिकटवताना पट बघतो, तर त्या घरावर तुझ्या घोड्याचा डोळा आहे. फोनवर खेळताना हातांवर बसता येत नाही, हा दोष पद्धतीचा आहे, माझा नव्हे. तरी ती चाल आलीच नाही असं समज. तू "बघून खेळलास ना?" असं विचारलंस आणि मी "शंभर टक्के" असं कळवलं, तेही आलं नाही असं समज. हे पत्र हाती पडेपर्यंत कृपया काही खेळू नकोस.

आणखी एक ता. क. तुझी चाल आली. वजीर गेला.

शेवटचं ता. क. शोकेसच्या कप्प्यात वासंतीने मिक्सर ठेवला. दिवा त्याच्यावर छान पडतो. ठेवता ठेवता तिने विचारलं, "का गेला?" एकदाच. बस नव्हती, मारुतराव नव्हते, चहासुद्धा अजून व्हायचा होता. मी म्हटलं, "मी घालवला." तिने आत जाऊन चहा टाकला.

पट तुझ्याकडेच राहू दे. पण दिवाळीला येताना एकदा घेऊन ये. ठेवायला नको, खेळायला. समोरासमोर बसू. मी चाल केली की पुन्हा तसंच विचार, बघून खेळलास ना म्हणून. या वेळी उत्तर देण्याआधी बघेन.