सुधाकर संघात आला तो हंगाम

२० नोव्हेंबर १९८८, रविवार

रेषेबाहेर उभं राहून खेळणाऱ्या तमाम प्रशिक्षक बंधूंनो, आपलं दुखणं एकच आहे. संघ जिंकला तर बास्केट टाकणारा जिंकतो, हरला तर आपण हरतो. हार त्याच्या गळ्यात, पेपरात फोटो त्याचा, आणि आपण मागे कुठेतरी अर्धा खांदा.

हे आज कॅंटीनच्या हॉलमध्ये बोलणार होतो. हंगामाचं उद्घाटन. कारखान्याचा हा बास्केटबॉल संघ अकरा वर्षं मी सांभाळतोय, स्टोअरची ड्यूटी करून. उद्घाटनाचं भाषण दरवर्षी माझं. या वर्षी पर्सोनेलच्या साठे साहेबांनी घड्याळाकडे बोट केलं. दत्ताभाऊ, तुमचं पुढच्या वेळी, म्हणाले, आणि माइक नव्या माणसाला दिला. सुधाकर नारखेडे. गाव असोदा. आठ वर्षं मुंबईत एका बँकेच्या संघात काढली, घरी वडील एकटे पडले म्हणून परत आला, आपल्याकडे खेळाडू-भरतीत लागला. वय तीस. सहा फूट एक. माइक धरून उभा राहिला, म्हणाला, "मले काही बोलता येत नही. खेळून दाखवीन." बसला.

इतक्या टाळ्या मला संपाच्या वेळी गेटवर युनियनची भाषणं करताना मिळाल्या नव्हत्या.

२२ नोव्हें.

साठे साहेबांनी बोलावलं. एप्रिलपासून कंपनी पूर्णवेळ कोचची जागा काढणार. स्टोअर नाही, शिफ्ट नाही, फक्त मैदान. अकरा वर्षं याच दिवसाची वाट पाहिली. मी म्हटलं, उत्तम निर्णय. ते म्हणाले, बघू, हंगाम कसा जातो ते. 'बघू' म्हणताना खिडकीबाहेर बघत होते. बाहेर सु. एकटाच फ्री थ्रो मारत होता. एकामागून एक. एकही बाहेर नाही.

४ डिसेंबर, रविवार

लीगची पहिली मॅच. वरणगावचा संघ आपल्याकडे. जिंकलो, ७१-५८. सु.चे २६.

दुसऱ्या हाफमध्ये मी टाइम-आउट घेतला. एक मिनिट असतं. मी त्यांना सांगितलं की शरीर थकतं पण जिद्द थकत नाही, रोममधल्या गुलामांनी बंड केलं तेव्हा त्यांच्याकडे काय होतं, साखळ्याच ना. स्पार्टाकसपर्यंत आलो आणि भोंगा वाजला. मग मॅच फिरली. कोणामुळे फिरली, हे ज्याला डोळे आहेत त्याला दिसलं असेल.

कॅप्टन पुंडलिक, आमचा सेंटर, सव्वासहा फूट उंच आणि जीभ त्याहून लांब. नंतर म्हणतो, भाऊ, तुमच्या टाइम-आउटमध्ये पाणी प्यायला एक वेगळा टाइम-आउट घेत जा. सगळे हसले. सु. हसला नाही. का हसला नाही? मोठेपणा दाखवायला?

५ डिसें.

पेपरात सु.चं नाव तीन वेळा. माझं नाव 'प्रशिक्षक व इतर'मध्ये. त्यातल्या 'इतर'मध्ये.

९ डिसें.

प्रॅक्टिस. पोरं माझं ऐकतात, मान डोलावतात आणि मग सु.कडे बघतात. तो मान हलवतो, तेव्हा कुठे पळतात. अर्ध्या सेकंदाचा प्रकार आहे. दुसऱ्या कोणाला दिसणारही नाही.

जेवताना बोलत होतो. शालिनी वाढता वाढता थांबली. "त्याचं नाव आज नऊ वेळा घेतलंत. माझं लग्नात एकदा घेतलं होतं, तेही पाच बायकांनी अडवलं म्हणून."

१८ डिसें., रविवार

भुसावळच्या संघाशी मॅच. जिंकलो, चार गुणांनी. लिहू नये असं वाटतंय, पण ही वही माझी आहे.

टाइम-आउटमध्ये मी बोलत होतो. सु. पाण्याचा जग फिरवत होता. एकेकाच्या हातात देताना कानाशी पुटपुटत होता, "त्यांच्या पाच नंबरचा डावा हात कच्चा शे. डावीकडे दाब." 'आहे'ला 'शे', अशी धुळ्याच्या बोलीची नक्कल करत म्हणाला, पोरं हसली. पुढच्या तीन मिनिटांत पाच नंबरने चार वेळा बॉल घालवला.

मी मैदानाच्या त्याच बाजूला उभा होतो, त्याच्यापेक्षा जवळ. पाच नंबरचा हात मला का दिसला नाही? कारण मी पुढच्या वाक्यात होतो.

मॅचनंतर पाठीवर थाप मारली त्याच्या. जरा जोरात.

२५ डिसें., रविवार

सु.ने अख्ख्या संघाला असोद्याला भरीत पार्टीला बोलावलं. ड्यूटीचं कारण सांगून टाळणार होतो, पण मी गेलो नसतो तर माझ्याबद्दल बोलले असते, आणि मी नसताना काय बोलतात ते मला कळलं नसतं.

मळ्यात कापसाच्या पऱ्हाट्या पेटवून हिरवी वांगी भाजली. सु. स्वतः लाकडी बडगीत ठेचत होता, पोरं भोवती. वर कांद्याची पात, शेंगदाणे, कळण्याची पुरी. पुंडलिकने बावीस पुऱ्या खाल्ल्या. दोन शब्द बोला भाऊ, असा आग्रह झाला. उभा राहिलो. शेतकरी आणि कामगार यांच्या नात्यावर सुरुवात केली. तेवढ्यात भरीत झालं. बोलत राहिलो. तोंडं भरलेल्या लोकांसमोर बोलणं म्हणजे काय, ते आज कळलं.

सु.चे वडील, आबा, खाटेवर. खोकला वाईट. जवळ बोलावलं. "तुम्हीच का ते गेटवरचे भाऊ? हा कालेजात होता तव्हा सायकल हाणत यायचा तुमचं भाषण ऐकाले. घरी येऊन आम्हाले म्हणून दाखवायचा."

सु.ने मान खाली घातली. मला आनंद व्हायला हवा होता. परतीच्या वाटेवर फटफटीवर मागे बसून एकच विचार. म्हणजे माझं भाषण त्याला येतं. येतं आणि तो करत नाही.

५ जानेवारी १९८९, गुरुवार

सु. स्टोअरच्या खिडकीशी आला. आबांना शनिवारी जळगावात मोठ्या डॉक्टरला दाखवायचंय, प्रॅक्टिसला उशीर होईल, म्हणाला. मी नटबोल्ट मोजून देत होतो. मान हलवली.

७ जाने., शनिवार

सु. चाळीस मिनिटं उशिरा आला. सगळ्या संघासमोर मी शिस्तीवर बोललो. वीस मिनिटं. चांगलं झालं भाषण, गेल्या दोन वर्षांतलं सर्वांत चांगलं. उद्या धुळ्याला पहिला हाफ तू बाहेर बसशील, असं सांगितलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. गुरुवारी सांगितलं होतं भाऊ, एवढं म्हणाला असता तरी माझं भाषण तिथंच संपलं असतं. म्हणाला नाही. "बरं," म्हणाला.

शिस्त ही शिस्तच असते. हे वाक्य तीनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं.

८ जाने., रविवार, धुळे

हरलो. ६३-६४. आता सगळं नीट लिहितो, कारण उद्यापासून याच्या वेगवेगळ्या गोष्टी होतील.

धुळ्याचा संघ तगडा. सिमेंटचं मैदान, चारी बाजूंनी माणसं, शाळेच्या भिंतीवरसुद्धा. हाफला आम्ही तेरा गुणांनी मागे. सु. टॉवेल गुंडाळून बाकावर. शेजारच्यांना टाळ्या वाजवायला लावत होता. दुसऱ्या हाफला त्याला आत सोडलं. एकेक बास्केट करत आम्ही वर आलो. शेवटचं सव्वा मिनिट, ६१-६०, आम्ही पुढे, बॉल आमचा. मी टाइम-आउट घेतला.

घ्यायची गरज नव्हती. धुळ्याचे दमले होते, त्यांनाच विश्रांती मिळाली. मी का घेतला? तेरा गुण त्याने भरून काढले होते, आणि शेवटचा शब्द मला हवा होता.

बोलायला लागलो. भोंगा वाजला. पंच म्हणाले, चला. मी हात वर करून थांबवलं त्यांना. पोरं माझ्याभोवती अडकलेली. सु. म्हणाला, भाऊ, जाऊ द्या. पंचांनी दुसऱ्यांदा ताकीद दिली. माझं एक वाक्य राहिलं होतं, खरंच एकच. शिट्टी. कोचला टेक्निकल फाउल. दोन फ्री थ्रो त्यांना, आणि वर बॉलही त्यांचाच. दोन गेले, मग आणखी दोन. ६१-६४. सु.ने शेवटी एक टाकली. पुरली नाही.

भिंतीवरून एक जण ओरडला, "ओ भाऊ, हाई खेय शे का सभा शे?" बठ्ठे, म्हणजे सगळेच, हसले. आमच्यातलाही एक हसला. कोण ते माहीत आहे, लिहीत नाही.

परतीला एस.टी. होती. पारोळ्याला चहाला उतरलो तेव्हा सु. सगळ्यांना म्हणाला, "मी नाडी बांधत बसलो होतो, म्हणून उशीर झाला. साहेबांनी विचारलं तर असंच सांगजा." पुंडलिक म्हणाला, तुझ्या बुटाची नाडी सुटलेली कुठे दिसली मला. सु. म्हणाला, तुले कप दिसतो का समोर, तो पी.

मी भजी खात होतो. खात राहिलो.

९ जाने.

पर्सोनेलला द्यायचा मॅचचा अहवाल टेबलावर आला. फाउल, ताकीद आणि कारण, असा रकाना. पुंडलिकच्या अक्षरात, सु.चा नंबर घालून: 'खेळाडू क्र. ७, बुटाची नाडी, मैदानात येण्यास विलंब.' खाली कोचची सही हवी.

सही केली.

११ जाने.

चांगला खेळतो, मान्य. लोकांना आवडतो, तेही मान्य. पण वर चांगला माणूसही असावा? माझ्या वाट्याला काही राहू द्यायचंच नाही का? तो कपटी असता तर मी सुखाने जळलो असतो.

२९ जाने., रविवार

दोन मॅचेस जिंकल्या. दोन्हींत मी गप्प. 'भाऊंची तब्येत बरी नाही,' असं पसरलंय. शालिनीने सुंठेचा काढा करून ठेवला आणि विचारलं, धुळ्याला काय झालं नक्की? हरलो, म्हटलं. हरल्यावर तुम्ही आठ दिवस बोलता, म्हणाली.

५ फेब्रुवारी, रविवार

शेवटची मॅच, आपल्याच मैदानावर. तिसऱ्या नंबरसाठी. बरोबरी चालली होती. सु. पळता पळता माझ्याजवळ आला, "भाऊ, टाइम घ्या ना."

घेतला. सगळे गोल करून उभे. सु.ने जग खाली ठेवला, माझ्याकडे पाहत म्हणाला, तुम्ही सांगा. थट्टा नव्हती. खरंच वाट बघत होता, कॉलेजच्या पोरासारखा. सगळे वाट बघत होते. आणि माझ्याकडे सांगायला काही नव्हतं. क्रांत्या होत्या, समुद्र होते, पर्वत होते. त्यांचा तीन नंबर कुठून घुसतो, हे मी बघितलंच नव्हतं.

मी सु.ला म्हटलं, तूच सांग. त्याने चार वाक्यं सांगितली. भोंगा वाजायच्या आत सगळ्यांचं पाणी पिऊन झालं होतं.

जिंकलो. तिसरा नंबर. पोरांनी त्याला उचललं. मग त्याने त्यांना माझ्याकडे वळवलं, आणि त्यांनी मलाही उचललं. वर असताना खाली त्याचं डोकं दिसत होतं. टाळूवर केस विरळ होतायत त्याचे. फार बरं वाटलं. इतका मी खाली आलोय.

१३ फेब्रु.

साठे साहेबांनी केबिनमध्ये बसवलं, चहा मागवला. दोन नावं होती, म्हणाले, तुमचं आणि नारखेडेचं. खरं सांगायचं तर कल त्याच्याकडे होता. पण धुळ्याचा अहवाल वाचला. "ऐन वेळी नाडी बांधत बसणारा माणूस संघ काय बांधणार? तुमची सही आहे त्यावर, म्हणून विश्वास ठेवला." बुधवारी सकाळी अकराला बैठक. तुमचं नाव जातंय. अभिनंदन.

मी थँक यू म्हटलं.

बाहेर आलो तर सु. मैदानावर, नवीन पोरांना तीन गुणांच्या पिवळ्या रेघेवरून बॉल मारायला शिकवत होता. त्याला बातमी लागली होती. हातातला बॉल टाकून आला, वाकला, पायाला हात लावला. "चांगलं झालं भाऊ. तुमचंच होतं ते." म्हणून परत गेला. कोपर आत, कोपर आत, असं पोरांना ओरडत.

आबांचं कसं आहे, विचारायचं होतं. नाही विचारलं.

१४ फेब्रु.

शालिनीला सांगितलं. जागा मिळाली, ते. मग नाडीचं. मग गुरुवारचं स्टोअरच्या खिडकीचं. ती तांदूळ निवडत होती. सगळं ऐकून घेतलं. "मग आता गोड काय करू?" एवढंच विचारलं आणि ताट घेऊन आत गेली.

अकरा वर्षं. भर उन्हात, स्वतःच्या पैशाने बॉलला पंप मारून. ही जागा माझी आहे. होती. खरं सांगितलं तर ती त्याची, आणि वर लोक म्हणणार, भाऊंनी मोठं मन दाखवलं, सुधाकरसारखं. सुधाकरसारखं! चांगलं वागलो तरी मी दुसराच. न सांगावं तर रोज सकाळी सहाला तो मैदानावर येणार, मला भाऊ म्हणणार, मी सांगेन तसं पळणार. एप्रिलपासून, रिटायर होईपर्यंत. कुठलं जास्त सहन होईल, ते ठरत नाही.

आयुष्यभर गेटवर उभा राहून लोकांना सांगितलं की मालकाच्या तोंडावर खरं बोला. ऐकून नोकऱ्या घालवणारी माणसं आहेत माझ्या माहितीत.

दत्तात्रय सीताराम, बैठक उद्या अकराला आहे. साठे साहेब नऊला येतात. जा, अहवाल मागून घे, 'खेळाडू क्र. ७' खोड, आणि तिथे स्वतःचं नाव लिही.