अकरा मिनिटांना हात लावू नये

३ एप्रिल २०२२
वंदनाने दगा दिला. मीच शिकवलेली मुलगी! इंदूरला नोकरी लागली तेव्हा पेढे घेऊन सिंधीपुऱ्यात आधी माझ्या घरी आली होती. आज तिनेच शेतातल्या मोटरी चालवणाऱ्या माझ्या प्रोग्रॅममध्ये बदल पाठवला. कोड सगळ्यांसाठी खुला ठेवला म्हणून कोणी काहीही करायचं? लाइट आली की माझा प्रोग्रॅम अकरा मिनिटं थांबतो, मग मोटर सुरू करतो. तिला म्हणे दोनच हवीत. लाइट येतानाच्या झटक्याने मोटर जळाली की कळेल. नामंजूर.

४ एप्रिल, सकाळी ६
कोडच्या वर लिहिलं: 'हात लावू नये. – गजानन सर.' मराठी, हिंदी, इंग्रजीत. संकल्प: चिडायचं नाही.

सकाळी ६.२०
वंदनाचं उत्तर. चौदा मोटरींवर महिनाभर तपासलंय म्हणे. नवा ट्रान्सफॉर्मर बसल्यापासून झटके नाहीत, पण लाइट दिवसातून दहादा जाते. दर वेळी अकरा मिनिटं गेली तर केळीला पाणी कधी मिळणार? चिडलो. माझा अनुभव अठ्ठावीस वर्षांचा. मोटरींचा पाच, पण मुद्दा तो नाही.

११ एप्रिल
कोडला कुलूप घातलं. आता माझ्या मंजुरीशिवाय स्वल्पविरामही हलणार नाही. बायकोला, सुलभाला सांगितलं. ती 'हं' म्हणाली. जसोंडी गावातलं आमचं शेत तीच बघते, तिला पटलंच असणार.

२ मे
जसोंडीहून शेजारच्या शेतातल्या सुकलालचा फोन. केळी सुकू राह्यली म्हणे, ते दोन मिनिटंवालं देऊन द्या ना सर. ऊन त्रेचाळीस, त्याला कोड काय करणार! वंदनाने कान भरलेत.

९ मे
शेतात गेलो. आमची केळी हिरवीगार! घडांना टेकू द्यावे लागलेत. फोटो काढून वंदनाला पाठवला, खाली लिहिलं: अकरा मिनिटं. 'छान, सर' एवढंच उत्तर. लाज वाटली असेल.

१० मे
सुलभाला फोटो दाखवला. ती म्हणाली, आपल्या मोटरीवर एप्रिलपासून वंदनाचीच दोन मिनिटंवाली कॉपी आहे. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. कालपासून सुकलालकडेही तीच, सगळ्या गावात तीच.
घरातूनच! जेवलो नाही. वाईट वाटलं, फार वाटलं.

१४ मे
वंदनाच्या कॉपीत बदल पाठवला. दोनाचे अकरा केले. कोणीतरी लक्ष ठेवायला हवं.

१५ मे
तिचं उत्तर आलं. सर, किती मोटरींवर तपासलंत?
अजून काही कळवलेलं नाही. तपासायला मोटर कोणी देईना. सुलभाही नाही.