मंगळवारच्या वर्गातली माझी खुर्ची

नेइआफू, वावाऊ बेट
बुधवार, ७ मे २०२५

चि. केलेपी यास,
अ. उ. आ. आज ते रागासकट घे.

काल, मंगळवार दि. ६ मे रोजी, सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी तू साखरेच्या रोग्यांच्या वर्गाला, चर्चच्या सभागृहाच्या दारात आलास, चपला काढल्यास आणि आत मला पाहून तसाच पाठ फिरवून गेलास. चपला अजून तिथेच आहेत. घड्याळ माझ्या समोर होतं, वीस माणसं बघत होती. मी नन्सच्या हाताखाली शिकले आणि पुढे चाळीस वर्षं मुलींना शिकवलं. न सांगता निघून जाणं मला खपत नाही.

तुला साखर आहे हे मला त्या दारात कळलं. मलाही आहे, दोन वर्षं झाली. आता कळलं असेलच. माझा उघडा पाय लुपे नर्सच्या मांडीवर होता आणि ती बारीक काडीने तळवा टोचून बघत होती. सख्ख्या भावाने बहिणीला अशा अवस्थेत पाहावं! लुपे काही परक्या देशातून आलेली नाही. आपल्याकडे मोठ्या झालेल्या भाऊ-बहिणीला एका खोलीत बसवू नये, अंगाचं दुखणं एकमेकांसमोर काढू नये, हे तिला मी शिकवायचं? वर्ग संपल्यावर तिला चांगलं झापलं. ती उलट मलाच म्हणते की बाई, साखर नातं विचारून घरात शिरत नाही, आणि बेटावर वर्ग हा एकच, दहा मंगळवारांचा, दुसरा कुठून आणू.

वर्ग वाईट नाही. रोज पावलं बघायची, गोळ्या बुडवायच्या नाहीत, ताटात टारोचा कंद मुठीएवढा. प्रत्येकाने आठवड्याचं एक काम ठरवायचं आणि जमलं की नाही ते पुढच्या मंगळवारी सगळ्यांसमोर सांगायचं. मी बाजारापर्यंत चालत जायचं ठरवलं आणि गेले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वेडेच आहेत, पण मला आवडल्या.

तू पुढच्या वर्षीच्या वर्गाला ये. घाई काय आहे?

सौ. वाइओलाला आशीर्वाद. लोभ आहेच, तो वाढवायचा की नाही ते तुझ्या वागण्यावर.
तुझी बहीण,
एलेनोआ

.

इस्पितळ, नेइआफू
मंगळवार, १३ मे

ती. ताईस,
केलेपीचा सा. न., दोन पावलं मागे उभं राहूनच. वि. वि.

तुझं पत्र वाइओलाने इथे आणून दिलं. मी दोन-चार दिवस इथला पाहुणा आहे. कशासाठी ते तुला लिहिण्याजोगं नाही. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा माझी केळी पळवतो आणि वर मलाच सांगतो की तुला साखर आहे, मी उपकार करतोय.

ताई, चूक माझीच. त्याआधीचे दोन मंगळवारही मी आलो होतो. बाहेर आंब्याखाली उभा राहायचो आणि तू आत गेलीस की परत फिरायचो. तिसऱ्या खेपेला पाऊस होता, वाटलं तू आली नसशील. दारात आपली नजर भेटली असं वाटलं, पण तू लगेच वही उघडलीस. बरं केलंस, मला निघायला सोपं गेलं.

लुपेला रागावू नकोस. आणि तू वर्ग सोडू नकोस. माझ्यापायी बहिणीची खुर्ची रिकामी झाली असं कुणी म्हणालं तर मी गावात तोंड कुठे दाखवू? तू सोडलास तर मी कधीच जाणार नाही. मी पुढच्या वर्षी बघतो.

लोभ आहे तसाच ठेव, मला पुरतो.
तुझा,
केलेपी

वन्सं, हे लिहिणार नाहीत म्हणून खाली मी लिहिते. शुक्रवारी यांच्या डाव्या पायाची दोन बोटं काढली. बोटांखाली तळव्याला फोड येऊन चिघळला होता, तोच लुपेला दाखवायला त्या दिवशी आले होते. डॉक्टर म्हणतात, यापुढे रोज जपलं तर पाऊल राहील. कसं जपायचं ते मला येत नाही, त्यांनाही येत नाही. — वाइओला

.

नेइआफू
गुरुवार, १५ मे

चि. केलेपी यास,
अ. उ. आ. आधी क्षमा मागते, मग आशीर्वाद देते.

आपली नजर भेटली होती. तू लंगडत होतास तेही मी पाहिलं. वही मुद्दाम उघडली. त्या वेळी मी उठून बाहेर गेले असते, तर तू आत आला असतास. उठले नाही, कारण त्यानंतर माझी सांगायची पाळी होती आणि मला टाळ्या हव्या होत्या. बाजारापर्यंत चालल्याच्या टाळ्या, केलेपी. रीत, मान, लुपेचं अज्ञान, हे सगळं मी घरी येऊन रचलं. वर तुला लिहिलं, घाई काय आहे. वाइओलाच्या चार ओळी वाचल्यापासून आरशासमोर केस विंचरायचीही मला लाज वाटते.

लुपेची माफी मागितली. ती खुर्च्या लावत राहिली. शेवटी म्हणाली की मंगळवार दि. २७ पासून अजून पाच वर्ग उरतात आणि पाऊल कसं जपायचं ते त्यातच शिकवायचं आहे. पुढच्या वर्षापर्यंत थांबायला तुझ्यापाशी पाऊल उरणार नाही, हेही म्हणाली.

मी वर्ग सोडायला निघाले होते, पण तुझ्या पत्राने तू आधीच आडवा आलास. तेव्हा दोघांनी बसायचं. तू दाराजवळ, मी खिडकीशी, दोघांची तोंडं फळ्याकडे. तपासायच्या वेळी लुपे चटईचा आडोसा करेल. फादरना विचारलं. ते म्हणाले, देवाची हरकत नाही, गावातल्या बायकांची हमी मात्र मी घेत नाही. त्या बायकांकडे मी बघून घेते. निम्म्या जणींना मीच पाढे शिकवलेत.

बहिणीच्या शब्दाला भावाने नाही म्हणायचं नसतं. या हक्काने मी तुझ्या घरच्या प्रत्येक लग्नात, मर्तिकात चांगल्यातली चांगली मानाची चटई माझ्या घरी उचलून आणली. तोंडाने कधी काही मागावं लागलं नाही, समोर यायचंच. आज पहिल्यांदा मागते. तुझा पाय मागते. भावाला अंगाचा हा शब्द लिहिण्याआधी मी दार लावून घेतलं. मंगळवार दि. २७ मे, सकाळी दहा वाजता, कुबड्या घेऊन, वाइओलाचा खांदा धरून, कसाही ये.

तोंडी निरोप चालणार नाही. वाइओलाने लिहिलेलंही चालणार नाही. येतो, असं तुझ्या हाताने लिहिलेलं उत्तर शनिवार दि. २४ मे, दुपारी बाराच्या आत माझ्या दारात हवं. रविवारी आपल्याकडे कुणी चिठ्ठी नेत नाही आणि सोमवारपर्यंत मला धीर धरवणार नाही.

लोभ मागायला तोंड नाही. उत्तर तेवढं दे.
तुझी बहीण,
एलेनोआ