पाच घरचे तुकडे

९ जुलै २००१, सोमवार

गाठोडं सापडलं. तांदळाच्या पिंपामागे. मुंग्या कुठून येतात ते बघायला पिंप सरकवलं, तर मागे जुन्या टॉवेलात बांधलेलं. मला दिसू नये म्हणून अव्वानं, माझ्या आईनं, ठेवलेलं.

आत सगळं जसंच्या तसं. सातव्या महिन्यात अव्वानं पाच घरं फिरून गोळा केलेलं कापड. आमच्याकडे पहिल्या बाळाचं दुपटं नव्या कापडाचं करत नाहीत. ज्या घरात पोरं नीट वाढली, तिथल्या बायकांच्या वापरून मऊ झालेल्या साड्या मागून आणायच्या. मी तेव्हा प्रत्येक तुकड्याला टाचणीनं चिठ्ठी लावली होती — घर, कापड, लांबी, रुंदी. अव्वा हसली होती. चिठ्ठ्याही तशाच आहेत.

अव्वा दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, देऊन टाकूया कुणाला तरी. मी नाही म्हटलं. कापड चांगलं आहे.

२ जूनला दुपारी मला झटके आले. ४ जूनला दुपारी शुद्धीवर आले. मधले दोन दिवस माझ्याकडे नाहीत. बाळ पोटातच गेलं होतं, असं सांगितलं. तोपर्यंत नवरा, श्रीशैल, त्याला आपल्या गावी नेसरीला घेऊन गेला होता. मातीही झाली होती. मुलगा की मुलगी, ते अजून कुणी सांगितलेलं नाही. अव्वाला तीनदा विचारलं, आण्णांना एकदा. 'विसर आता' हे उत्तर नाही.

१० जुलै, मंगळवार

शेजारच्या रत्नव्वामावशीच्या दारात मोठी वाकळ, जाडजूड गोधडी, वाळत असते, ती नेहमी बघते. नुसते त्रिकोण. चौकोन कर्णावर कापायचा, दोन वेगळ्या कापडांचे त्रिकोण जोडून पुन्हा चौकोन करायचा. तसंच करायचं ठरवलं. आडव्यातिडव्या चिंध्यांना त्यातल्या त्यात शिस्त लागते.

तयार चौकोन ७५ मि.मी. हवा. शिवणीत जाणारी माया चारी कडांना ६. म्हणून कापायचा चौकोन ७५ + (६ × ३.४१४) = ९५.५. सोळा चौकोनांचा एक ठोकळा, ३०० चा. नऊ ठोकळे. एकूण १४४.

दुपट्याचा आकार ९०० × ९००. हा मी अंदाजे धरला. अंदाज मला आवडत नाही. पण माप कोणाचं घेणार?

१२ जुलै, गुरुवार

चाळीस चौकोन कापून ऐंशी त्रिकोण केले. स्टीलच्या पट्टीनं, ब्लेडनं. अव्वाच्या हातमशीनवर जोडले. एकही बरोबर नाही! माया धरून ८७ हवा, तर कुठे ८४, कुठे ९१, आणि काटकोन नाहीच. शिरोलीच्या कारखान्यात माझ्यापुढे असा माल आला असता तर लाल शिक्का मारून परत पाठवला असता.

रत्नव्वामावशी आल्या. पलीकडच्या घरात राहतात, तीस वर्षं वाकळा शिवतात. त्यांनी एक त्रिकोण उचलला, लांब बाजू दोन बोटांत धरून ओढली. ती रबरासारखी लांबली.

"उरेब हाय ही. तिरका धागा. ह्याला हात लावला की ताणतंय. कापलंस कशाला आधी?"

"कापल्याशिवाय त्रिकोण कसा होणार?"

"इंजिनेरबाई, आधी शिवायचं. मग कापायचं."

दाखवलं. दोन अख्खे चौकोन तोंडाला तोंड लावून ठेवले. कर्णावर खडूची रेघ. रेघेच्या दोन्ही बाजूंना एकेक टीप. मग मधोमध रेघेवर कात्री. उघडले तर दोन तयार चौकोन, माया धरून जवळजवळ नेमके ८७. तिरकी कड कधी मोकळी राहतच नाही. जन्मतःच शिवणीत बांधलेली.

मी चार वर्षं ड्रॉइंगच्या टेबलावर काढली. भट्टीतून निघालेलं लोखंड किती आकसतं ते मला पाठ आहे. कापड ताणलं जातं, हे मी हिशेबात धरलंच नव्हतं.

मी कोणता रंग कुठे येईल त्याचा आलेख काढला होता. तो त्यांनी पाहिला आणि घडी करून माझ्या हातात परत दिला. हाताला येईल तो तुकडा घे म्हणाल्या. नियम एकच — एका घरचे दोन तुकडे शेजारी आणायचे नाहीत. का, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

१३ जुलै, शुक्रवार

बावीस जोड्या. एकही बिघडली नाही.

१५ जुलै, रविवार

श्रीशैलचा फोन. अव्वानं घेतला. "बरी हाय. जेवती. वाकळ शिवत बसतीया." मी मशीन थांबवून उठले, फोनपर्यंत गेले. तोवर ठेवलेला.

त्याची शाळा, घर, शेत सगळं नेसरीला. माझी नोकरी शिरोलीला. म्हणून सोमवार ते शनिवार मी इथे माहेरी, अव्वा-आण्णांकडे, रविवारी नेसरी. दोन वर्षं असंच. एकही रविवार चुकला नव्हता. पाऊस असला तर तो यायचा.

दवाखान्यातून मला घरी आणल्यावर तो दोन दिवस होता. मी भिंतीकडे तोंड करून पडलेली, तो खुर्चीत. नंतर गेला. सहा रविवार झाले. फोन करतो, पण अव्वाला.

मला वाटतं त्याचा माझ्यावर राग आहे. आठव्या महिन्यातही कामावर जात होते. पायाला सूज होती, ती मी कुणाला दाखवली नाही. डॉक्टर म्हणाले होते कामाचा काही संबंध नाही, असं होतं कुणालाही. पण त्या वाक्याच्या वेळी श्रीशैल खिडकीतून बाहेर बघत होता.

१७ जुलै, मंगळवार

६८ चौकोन झाले.

१९ जुलै, गुरुवार

मावशी दुपारी बसायला आल्या. तयार चौकोन हातात घेऊन उलटसुलट केले. म्हणाल्या, टीप सरळ हाय, पर शिवताना श्वास कोंडून बसतीस, तो सोड. मग सहज विचारलं, केवढं करणार आहेस? मी म्हटलं, ९००.

"लईच मोठं हुतंय तान्ह्याला," त्या म्हणाल्या. आणि हातातले चौकोन खाली ठेवले. अव्वा आतून लगेच चहा घेऊन आली. चहा झालेला नव्हता, नुसतंच दूध तापलेलं. तेच कपात ओतून आणलं होतं.

त्या गेल्यावर मी अव्वाला विचारलं. आवाज चढवला नाही. लांबी किती होती, वजन किती होतं, मुलगा होता की मुलगी. तीन प्रश्न.

"कशाला पायजे ते आता तुला."

"मापाला."

ती पदर तोंडाला लावून मोरीकडे गेली. आण्णा दुकानातून आल्यावर त्यांना दवाखान्याचं कार्ड मागितलं. ते श्रीशैलजवळ आहे म्हणाले. चप्पल काढायच्या आत पुन्हा बाहेर पडले.

मी दीड महिना अशा माणसांत राहतेय, ज्यांनी त्या बाळाला पाहिलंय. फक्त मी पाहिलेलं नाही. आणि नऊ महिने होतं माझ्याकडे.

२१ जुलै, शनिवार

आज काही शिवलं नाही.

२३ जुलै, सोमवार

श्रावणाचा पहिला सोमवार. दर वर्षीप्रमाणे जंगम स्वामी, आमचे घरचे गुरू, जेवायला. लहानपणापासून येतात तेच. अव्वानं मला सांगितलं होतं, तू आतच राहा, दमशील. मी आतच होते. पण हात धुवायला ते मागच्या पडवीत, सोप्यात, आले. तिथे मी खाटेवर पाच ठोकळे मांडून ठेवले होते, जोडायचा क्रम लावत.

ते थांबले. वाकून बघितलं. बोटानं एका शिवणीवरून हात फिरवला.

"लेकीसाठी शिवतीयास व्हय, बाळ?"

मी वर बघितलं. त्यांना वाटलं मी रडेन. म्हणून जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "मनाला लावून घिऊ नगंस. रिकामी धाडली न्हाय आपण तिला. लिंग मीच बांधलंय माझ्या हातानं. नाव बापानं कानात सांगितलं. सगळं रीतीनं झालंय."

मी नमस्कार केला. ते गेले. धीर देऊन गेले.

मी खाटेच्या कडेला बसले. लेक. मुलगी.

पण तेवढंच नाही. आमच्यात गळ्यात शिवाचं लिंग बांधतात ते जन्मलेल्या बाळाला. ज्याचा श्वास चालू आहे, त्याला. पोटात गेलेल्याला बांधत नाहीत. माझ्या थोरल्या काकूचं तसं झालं होतं, तेव्हा स्वामींना बोलावलंच नव्हतं. आणि कानात नाव सांगतात ते ऐकणाऱ्याच्या.

पुन्हा पुन्हा तपासलं. दुसरं उत्तर निघत नाही.

२४ जुलै, मंगळवार

अव्वा भाकरी थापत होती. मी समोर बसले. विचारलं, किती वेळ होती?

तिनं थापायची थांबवली नाही. थापत थापतच बोलली.

"संध्याकाळी सहाला झाली. बातम्या लागल्या हुत्या भाईर रेडिओवर. रडली की. लई मोठ्यानं न्हाय, पर रडली. आठवा पुरा झाला न्हवता ना, छातीत दम न्हवता. मांडीवर घेतली मी. दोनदा जांभई दिली. पहाटं चारला गेली."

दहा तास.

नऊ महिने लिहिलंय मी वर. ते चूक आहे. आठही पुरे नव्हते. मला हेही नीट मोजता आलेलं नाही.

डॉक्टरांनीच सांगितलं होतं म्हणे, हिचा रक्तदाब उतरेपर्यंत बाळ जगून गेलं हे कळू देऊ नका, धक्का बसेल. मग रक्तदाब उतरला. पण तोवर एकदा खोटं बोलून झालं होतं. ते परत कसं घ्यायचं, हे कुणाला कळेना. गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. रत्नव्वामावशींना माहीत आहे. मला तेवढं नाही.

"माझ्याजवळ आणलं होतं तिला?"

"आणली हुती. तुझ्या कुशीत ठेवली नर्सबाईनं. तुला शुद्ध न्हवती बाळ."

भाकरी करपली. तिनं ती तशीच तव्यावर राहू दिली.

मी विचारलं, नाव काय ठेवलं? तिला माहीत नव्हतं. कानात सांगितलं, स्वामींनाही ऐकू आलं नाही. श्रीशैलनं नंतर कुणाला सांगितलं नाही. आण्णांनी एकदा विचारलं, तर उठून गेला म्हणे.

मी परत मशीनवर जाऊन बसले. तीन टिपा सरळ कर्णावरूनच घातल्या. उसवल्या.

२५ जुलै, बुधवार

ती माझ्या कुशीत होती आणि मला माहीत नाही.

२६ जुलै, गुरुवार

रत्नव्वामावशी आल्या नाहीत. मीच गेले. त्या सुई ओवत होत्या, ओवेना. मी ओवून दिली. म्हटलं, तुम्ही पाहिली होती तिला?

त्यांनी मान हलवली. मग दोन्ही हात समोर धरून अंतर दाखवलं. मी त्यांच्याच टेपनं मोजलं. ४३० मि.मी. त्या हलल्या नाहीत, हात तसेच धरून ठेवले, माझं लिहून होईपर्यंत.

मग म्हणाल्या, "शिव्या घाल मला. घाल की. गप नगं बसूस."

मला एकही शिवी आठवली नाही. त्या रडल्या. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. बराच वेळ ठेवावा लागला.

२८ जुलै, शनिवार

नऊ ठोकळे जोडून झाले. ८९८ × ९०१. एका जागी एका घरचे दोन तुकडे शेजारी आले आहेत. उसवलं नाही.

४३० ला हे मोठंच आहे. दुप्पट. मावशी बरोबर होत्या.

उद्या नेसरीला जाते म्हटलं. अव्वा म्हणाली, बाळंतपणाला आठच आठवडे झालेत, कुठं एसटीचे धक्के खातीस, त्यालाच बोलावून घिऊया. आण्णा प्रथमच मध्ये बोलले. म्हणाले, जाऊ दे तिला. सव्वासहाची गाडी आहे, मी स्टँडवर सोडतो.

मी त्याला दोन गोष्टी विचारणार. जागा कुठली आणि नाव काय. राग आहे का, ते विचारणार नाही.

२९ जुलै, रविवार. नेसरी

शेताच्या वरच्या बांधाला, आंब्याखाली. त्यानं दगडांची कड केली आहे. रोज शाळेच्या आधी इथे येतो, हे सासूबाईंनी सांगितलं. त्यानं नाही.

नाव विचारलं. त्यानं कडेचा एक दगड नीट बसवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "डॉक्टर म्हणाले होते, दोघींचीही आशा धरू नका. तू पलीकडच्या खोलीत होतीस. स्वामी म्हणाले नाव सांगा, वेळ नाही. मला दुसरं कुठलं नाव आठवेनाच."

तिचं नाव विद्याश्री आहे. माझं आहे तेच.