स्पर्धक २१४-ब हिच्या दोन फेऱ्या

स्पर्धक क्रमांक दोनशे चौदा-ब हिस,

अनेक आशीर्वाद लिहावेत, तर तू माझ्याहून चार महिन्यांनी मोठी (हे आपण लग्नाच्या वेळी दोन्ही घरांपासून लपवले, माझ्या हातून झालेली ती एकमेव खोटी नोंद होय). नमस्कार लिहावा, तर चौतीस वर्षांत मी तुला कधी नमस्कार केल्याचे स्मरत नाही. तुझी प्रकृती उत्तम असेल अशी आशा करावी, तर तुला जाऊन आठ महिने झाले. सबब ख्यालीखुशालीचा भाग माझ्यापुरता उरकतो. माझी प्रकृती वाईट आहे. डावा गुडघा सोलला आहे, उजव्या तळहातावर खडीचे तीन खडे अद्याप मुक्कामाला आहेत, आणि बसण्याच्या जागेविषयी सभ्य माणसाने पत्रात लिहू नये. बसणे अशक्य असल्यामुळे हे पत्र मी खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून उभ्याने लिहीत आहे.

वर तुझ्या पूर्ण नावाऐवजी क्रमांक घातला, याचे वाईट वाटून घेऊ नकोस. घरात ‘अगं’वर आपले भागले. पूर्ण नाव मी फक्त अर्जांवर लिहीत आलो, आणि शेवटचे जिथे लिहिले तो कागद रुग्णालयाचा होता. त्यामानाने क्रमांक बरा. सायकलच्या हँडलला बांधलेला आहे आणि त्यावर नुसता चिखल आहे. असो. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटे झाली आहेत. पाच वाजता खोली सोडायची आहे. तेवढ्या अवधीत तुझ्याविरुद्धची माझी तक्रार सविस्तर नोंदवून ठेवतो.

तक्रार अशी. नऊ वर्षे तू या डोंगरातल्या आठ तासांच्या सायकल शर्यतीत धावलीस आणि नऊ वर्षे मी तंबूबाहेर घडीच्या खुर्चीवर बसून वहीत तुझ्या प्रत्येक फेरीची वेळ सेकंदापर्यंत टिपली. ही व्यवस्था उभयतांना सोयीची होती. तू धुळीत माखून यायचीस, मी उभा राहून वेळ वाचून दाखवू लागायचो आणि तू ओरडायचीस, ‘अहो, वेळ नको, केळं द्या!’ (यामुळे या मैदानावर मला ‘केळीवाले काका’ म्हणतात. पस्तीस वर्षे वजनमापे खात्यात मला लोक ‘साहेब’ म्हणत असत, हे इथे कोणाला सांगावे?) अशी सुरळीत घडी बसलेली असताना, आजारी पडण्याच्या आदल्या आठवड्यात तू मला न विचारता ‘जोडी’ गटाचा अर्ज भरलास. अ म्हणजे मी, ब म्हणजे तू. मला हे कळले ते तू गेल्यावर चौथ्या महिन्यात, आयोजकांचे पत्र आले तेव्हा. त्यात उभयतांचे हार्दिक अभिनंदन केले होते. नकार देता येणार नाही अशा बेताने अगदी शेवटच्या क्षणी सांगायचे, असा तुझा विचार असणार. तो तडीस गेला, इतकेच म्हणतो.

मी आयोजकांना तीन पत्रे लिहिली. पहिल्यात वस्तुस्थिती कळवली, दुसऱ्यात प्रवेश रद्द करण्याची विनंती केली, तिसऱ्यात दुसऱ्या पत्राची आठवण दिली. त्यांचे उत्तर सौजन्यपूर्ण होते. मुदत संपल्यावर गट बदलता येत नाही. काका, तुम्ही येऊ नका, आम्ही समजू शकतो. मात्र यादी छापली गेल्यामुळे निकालपत्रात दोघांच्या नावापुढे ‘सुरुवात केली नाही’ असा शेरा येईल. तो वाचून मी चहाचा कप खाली ठेवला. दोनदा तुझी साखळी तुटली, एकदा गळपट्टीचे हाड मोडले आणि तू सायकल दुसऱ्या खांद्यावर टाकून चालत रेषा ओलांडलीस. ‘पूर्ण केली नाही’ हा शेरा तुझ्या नावापुढे एकवार आहे, तोही पुलाखाली पाणी चढल्यामुळे. पण सुरुवात केली नाही? तू? ज्या बाईने तापात उठून टायरमध्ये हवा भरली, तिच्या नावापुढे हे कायमचे छापले जावे आणि मी खुर्चीवर बसून राहावे? मी सायकल भिंतीवरून काढली. (माझ्या साठीला तू घेतलेली. तिचा हँडल पॅन्ट वाळत घालायला उत्तम होता, हे मी आजही मान्य करतो.)

त्यानंतरच्या शनिवार-रविवारांचे वर्णन करायचे तर वेगळे दप्तर उघडावे लागेल. मेकॅनिककडे गेलो. त्याने सायकल पाहिली, मला पाहिले, पुन्हा सायकल पाहिली आणि तिची काळजी वाटल्यासारखा चेहरा केला. मग त्याने गादी शिवलेली तंग चड्डी माझ्यापुढे धरली आणि दुकानात चार गिऱ्हाइके उभी असताना मोठ्याने म्हणाला, ‘काका, याच्या आत काही घालायचं नसतं हं!’ एकसष्टाव्या वर्षी हे वाक्य ऐकावे लागेल, असे पदवी घेताना वाटले नव्हते. बूट त्याहून भयंकर. ते पेडलमध्ये खटकन अडकतात आणि सुटण्यासाठी टाच बाहेर वळवावी लागते, हे मला तोंडपाठ होते. परंतु शाळेसमोरच्या सिग्नलला थांबलो तेव्हा पाठांतर टाचेपर्यंत पोहोचले नाही. मी उभ्याचा आडवा झालो, तोही इतक्या सावकाश की शेजारच्या रिक्षावाल्याला ‘अहो पडताय!’ असे सांगायलाही वेळ मिळाला.

तुझी धाकटी बहीण त्याच संध्याकाळी आली. गुडघा पाहून तिने दारातच सुरुवात केली. ‘भाऊजी, या वयात लोक गुडघे जपतात, तुम्ही फोडायला निघालात! ताई गेली म्हणून तिची खुळं तुम्ही चालवायची का?’ मी तिला शेऱ्याचा मुद्दा विस्ताराने समजावला. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, ‘निकालाचा तो कागद वाचतं कोण?’ मी चिडलो, हे तुला सांगायला नको. (शर्यतीला निघताना मात्र माझ्या पिशवीत बँडेजचे दोन रोल सापडले. मी ठेवले नव्हते.)

रविवारी तुझी दंतवैद्य मैत्रीण मला डोंगरावर नेई. तिथल्या दगडी उताराला तुम्ही दोघींनी ‘कवळी’ असे नाव दिले आहे, हे मला नऊ वर्षे विनोदी वाटत होते. आता वाटत नाही. त्या उतारावरून मी बारा रविवार सायकल हातात धरून उतरलो. ती खालून ओरडायची, ‘चाकाकडे बघू नका, जायचंय तिकडे बघा!’ हे तुझे वाक्य आहे. तुझी वाक्ये सगळ्या गावाला वाटून ठेवलीस आणि मला मात्र केळी सोलायला बसवलेस.

आता आजची हकीकत. काल खोलीवाल्या बाईंनी मला दोन चाव्या दिल्या. मी म्हणालो, मी एकटाच आहे, एक परत घ्या. त्या म्हणाल्या, ‘नोंद जोडीची आहे. जोडीला दोन.’ मी नियमाशी हुज्जत घालत नाही. दुसरी चावी टेबलावर ठेवली, ती तिथेच आहे. सकाळी सहाला शर्यत सुटली. जोडीने आठ तासांत किमान चार फेऱ्या कराव्यात आणि प्रत्येकाची किमान एक असावी, तरच निकाल ‘पूर्ण’. मला त्याच्याशी कर्तव्य नव्हते. एक फेरी करून शेरा टाळायचा आणि घरी जायचे, असा माझा माफक बेत होता. पहिल्या फेरीत मी तीनदा पडलो, एकदा काटेरी झुडपात शिरलो आणि टायरमधून निघालेल्या, पंक्चर बुजवणाऱ्या पांढऱ्या द्रवाने चष्मा रंगवून घेतला. फेरी संपवून नियमाप्रमाणे अदलाबदलीच्या तंबूत शिरलो. पायाला बांधलेली वेळेची पट्टी इथे जोडीदाराला द्यायची असते. यादी घेऊन बसलेल्या मुलीने विचारले, ‘जोडीदार?’ मी म्हणालो, ‘अनुपस्थित.’ ‘येतायत का?’ आता याला काय सांगावे? नियम असा की एक मिनिट वाट पाहावी, जोडीदार न आल्यास त्याच स्पर्धकाने पुढे जावे. मी घड्याळ लावून पूर्ण मिनिट थांबलो. एका मिनिटात किती सेकंद असतात, हे मला वाटत होते त्याहून वेगळे निघाले.

मिनिट संपले तेव्हा मला तुझा असा काही राग आला, की घरी जायचे सोडून मी थेट चढाला लागलो. दुसऱ्या फेरीभर मी तुझ्याशी मोठ्याने भांडत होतो. अर्ज, चाव्या, चड्डी, गॅसचे पुस्तक कुठे ठेवलेस, डॉक्टरांना दुखण्याविषयी इतक्या उशिरा का सांगितलेस, सगळे मुद्दे क्रमाने घेतले. मागून येणाऱ्या दोन तरुणांनी घाबरून वाट सोडली. भांडणात चढ कधी संपला ते कळले नाही. पुन्हा तंबू, पुन्हा ‘अनुपस्थित’, पुन्हा मिनिट. तिसऱ्या फेरीत मुद्दे संपले होते. ती फेरी फार लांब होती. तिच्याविषयी लिहीत नाही. तिसरे मिनिट थांबलो असताना दंतवैद्य मैत्रीण पलीकडून आली, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, ‘साहेब, वेळ सांगू की केळं देऊ?’ मी केळे घेतले. (वेळ विचारावीशी वाटली नाही. तुझे म्हणणे इतक्या वर्षांनी पटले, याची नोंद घे.) केळ्यासोबत मला अकस्मात एक राहिलेला मुद्दा आठवला आणि चौथ्या फेरीत भांडण पुन्हा सुरू झाले. त्याच भरात मी कवळीवरून न उतरता, सायकलीवर बसून, खाली आलो. चाकाकडे पाहिले नाही. तिथे तू असतीस तर किंचाळली असतीस.

सात तास अठरा मिनिटे. आणि इथे खरी तक्रार सुरू होते. तीन वाजता निकाल लागला. मी चष्मा पुसून वाचला. दोनशे चौदा-अ: पहिली फेरी एक तास बावन्न, तिसरी दोन तास चार. दोनशे चौदा-ब: दुसरी फेरी एक तास अडतीस, चौथी एक तास एक्केचाळीस. म्हणजे तू माझ्याहून सरासरी साडेअठरा मिनिटांनी जलद! (तुझ्या लौकिकाला या वेळा साजेशा नाहीत, परंतु परिस्थिती पाहता उत्तमच म्हणायच्या.) मी तडक टेबलाशी गेलो. यादीवाली मुलगी म्हणाली, ‘काका, तंबूच्या फाटकातून गेलात की मशीन जोडीदार बदलला असं धरतं. ज्यांचा जोडीदार नसतो ते बाहेरूनच जातात. आत कुणीच येत नाही!’ म्हणजे चारशे स्पर्धकांत नियमाचे शब्दशः पालन करणारा मी एकटा, आणि त्या पालनामुळेच नोंद चुकली. तिने आक्षेपाचा छापील अर्ज दिला. तो भरल्यास दुरुस्ती होते. चारही फेऱ्या माझ्या नावावर, आणि तुझ्या नावापुढे तो शेरा (जोडीतला एक सुटला तरी शेरा माणशी लागतो, हे मला तेव्हा कळले). न भरल्यास आपण ‘पूर्ण’, सतरा जोड्यांत सतरावे.

अर्ज आता कट्ट्यावर, या पत्राशेजारी आहे. पेनाचे टोपण उघडे आहे. पस्तीस वर्षे मी तोळाभर फरकाच्या वजनावर शिक्का मारला नाही. माझ्या सख्ख्या मामांचा तराजू मी जप्त केला होता, आणि ते त्यानंतर आपल्या घरी जेवले नाहीत. मग चार फेऱ्या करणाऱ्या एका माणसाच्या दोन फेऱ्या दुसऱ्याच्या नावावर चढलेल्या पाहून त्याने काय करावे, हे सांगायला हवे काय? कळावे, लोभ होता तसाच असावा.

तुझा,
दोनशे चौदा-अ

ता. क. साडेचार वाजले. अर्जावर मी क्रमांक लिहिला आहे. ‘आक्षेपाचे स्वरूप’ हा रकाना रिकामा आहे. त्यात सत्य लिहायला गेलो, तर दुसऱ्या आणि चौथ्या फेरीत मी एकटा होतो असे मला शपथेवर लिहिता येईना.

ता. क. दुसरा. हे पत्र लिहिण्याचे खरे कारण आता सांगतो. अर्जाच्या तळाशी नियम छापला आहे: जोडीतील अ किंवा ब, यांपैकी कोणीही पाच वाजेपर्यंत आक्षेप नोंदवू शकेल. माझा आक्षेप नाही. परंतु जोडीच्या कागदावर एकट्याने निर्णय घेणे मला प्रशस्त वाटत नाही (तू घेतलास, ते निराळे). तरी विनंती, की तुझा काही आक्षेप असल्यास पाचच्या आत कळवावे. मी खिडकीशीच उभा आहे.

ता. क. तिसरा. पाच वाजून एक मिनिट झाले. एक मिनिट जास्तीचे थांबलो. आक्षेप आला नाही. दाराला कुलूप लावले, दोन्ही चाव्या परत केल्या.