दहा सेकंदांची मुदत

४ मार्च

ति. ताईस,
शि. सा. नमस्कार.

पत्र मिळालं. गुडघ्याचं ऑपरेशन वीस तारखेला, सोमवारी ठरलं हे कळलं. ‘तू आला नाहीस तरी चालेल’ असं तू दोनदा लिहिलं आहेस, म्हणजे मी यायलाच हवं, एवढं मला समजतं. पण अडचण ऐक.

आमच्या बटणांच्या कारखान्याचा ईमेल सर्व्हर माझ्या ताब्यात आहे. दर रविवारी विजेच्या कामासाठी सगळं बंद करतात. सोमवारी मशीन चालू होतं, पण त्यातल्या मेलच्या तीन सेवा आपोआप सुरू होत नाहीत. एक टपाल घेते, एक वाटते, एक बाहेर पाठवते. तिघी हटून बसतात. सात चाळीसला मी पोचतो, एकेकीला हाताने सुरू करतो, की मग आठवडाभर बिनतक्रार चालतात. मी नसलो तर नव्वद माणसं आणि झाडून सगळ्या ऑर्डरी खोळंबणार. हा घोळ सुरू झाल्यापासून अकरा महिन्यांत माझा एकही सोमवार चुकलेला नाही. हे काम मी कॉलेजात न जाता, पुस्तकं समोर ठेवून शिकलो. बाहेरच्या माणसाला त्यात हात घालू देणार नाही.

तू मात्र गोळ्या वेळेवर घे. तुझा लोभ आहे म्हणून एवढं स्पष्ट लिहिलं.

तुझा भाऊ


८ मार्च

चि. खटपट्यास,
अनेक आशीर्वाद.

जगाचं टपाल सांभाळणारा भाऊ मला कागदावर लिहितो, याचं शेजारणीला फार हसू आलं. मी म्हटलं, त्याच्या तिघी रुसल्या असतील.

तू येऊ नकोस. शेजारीण येणार आहे सोबत. डॉक्टर चांगले आहेत. फक्त भूल देताना म्हणे आकडे उलटे मोजायला सांगतात, आणि मला शिवणाच्या टाक्यांपलीकडे काही मोजता येत नाही, फजिती व्हायची. अशा वेळी दाराबाहेर आपलं माणूस असलं तर बरं असतं, असं शेजारीण म्हणते. मी नाही म्हणत.

एक विचारते, रागावू नकोस. दोष त्या तिघींचाच कशावरून? शाळेत जाताना माझी बुटाची नाडी बांधून व्हायच्या आत तू दहापर्यंत मोजायचास आणि चालू पडायचास. मी मागून धापा टाकत यायची, आणि आईला तू सांगायचास, ताई रोज उशीर करते.

जेवण वेळेवर करत जा. माया कमी झालेली नाही, गुडघा तेवढा कमी झालाय.

तुझी ताई


१४ मार्च

ति. ताईस,
शि. सा. नमस्कार.

हे पत्र लिहायला मला लाज वाटते आहे, तरी तपशिलात चूक नको म्हणून सगळं लिहितो.

काल सोमवारी तुझं पत्र खिशात ठेवून मशीनपुढे बसलो. शेजारी आमच्या पाठवणी विभागाच्या बाई होत्या. मशीनमध्ये कोण केव्हा उठलं याची सेकंदासकट नोंद असते, ती ओळ न् ओळ वाचली. माणसांची नावं आणि पासवर्ड ज्या यादीत आहेत, ती यादी आता एवढी फुगली आहे की उघडायला पंचवीस सेकंद लागतात. मेलच्या तिघी तिच्यासाठी थांबतात आणि दहा सेकंदांत हात टेकतात. मी पोचेपर्यंत यादी उघडलेली असते, म्हणून मी लावलं की सगळं सुरळीत. मला वाटायचं, माझ्या हाताचा गुण.

बाईंनी विचारलं, ही दहाची मुदत कुणी घातली? मी ठणकावून सांगितलं, मशीनबरोबरच आली असणार. त्यांनी मशीनमधले बदल टिपायची माझीच वही पुढे सरकवली. सात वर्षांपूर्वीचं पान, अक्षर माझं: ‘थांबण्याची मुदत तीसवरून दहा केली. उगाच वाट पाहणे बंद.’ खाली दुहेरी रेघ. अकरा महिने मी केबलपासून विजेवाल्यापर्यंत सगळ्यांवर संशय घेतला, वहीवर नाही घेतला.

मुदत दोन मिनिटं केली. जेवणाच्या सुट्टीत मशीन बंद करून पुन्हा लावलं. बाईंनी मला दोन्ही हात खिशात घालायला लावले. तिघी एकामागून एक सुरू झाल्या. आनंद झाला आणि, खरं सांगू, जरा वाईटही वाटलं. दुसऱ्या खेपेला तर बाईंनी मला खोलीबाहेरच काढलं. परत येतो तो मेल येऊन पडलेला, त्यांचाच, पलीकडच्या टेबलावरून: सुट्टीचा अर्ज टाका.

टाकला. शनिवारी दुपारी पोचतो. वही बाईंकडे दिली आहे. वर सूचना लिहून ठेवल्या, फक्त अकरा.

तुझा लोभ आपोआप सुरू राहतो, एवढं एक बरं.

तुझा भाऊ


१६ मार्च

चि. खटपट्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र शेजारणीला दोनदा वाचून दाखवलं, वहीचा भाग तीनदा. मग तिला सांगून टाकलं, बाई, सोमवारी तू नाही आलीस तरी चालेल. खिडकीजवळची खाट तुझ्यासाठी झाडून ठेवली आहे. सोमवारी सात चाळीसला घड्याळाकडे बघायचं नाही आणि बाईंना फोन करायचा नाही.

आणखी एक. दवाखान्यात जायला मला दोन जिने उतरायचे आहेत. एका पायरीवर दोन्ही पाय टेकल्याशिवाय मला पुढची घेता येत नाही. मशीनला दोन मिनिटं दिलीस; मला पाचसुद्धा लागतील. तू माझ्या पुढच्या पायरीवर उभा राहा, आणि मोजू नकोस.

वाट पाहणारी,
ताई