आयची अर्धी गोळी

कोळीवाडा, ठाणे
१२ नोव्हेंबर १९९४

ती. सौ. सगुणाताईस,
चंदूचा सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. पण आय ठीक नाही. पाय पुन्हा सुजलेत, थोडं चाललं तरी धाप लागते. तिचं हृदय अशक्त झालंय म्हणून डॉक्टरांनी नवी गोळी दिली, ते तुला कळवलेलं. एकाच गोळीत दोन औषधं: एक हृदयावरचा भार हलका करणारं, दुसरं अंगात साठलेलं पाणी लघवीवाटे काढणारं. आधी दोन वेगळ्या गोळ्या होत्या, तेव्हा आय पाण्याची तेवढी विसरायची. आता विसरायची सोयच नाही, असं मी कंपनीत ऐटीत सांगत फिरलो.

काल तिच्या चंचीत सुपारी शोधायला गेलो, तर आत अर्ध्या गोळ्या! बाईसाहेब रोज अडकित्त्याने गोळी कापतात. छापील अक्षरांची बाजू हृदयाची, कोरी बाजू पाण्याची, असा त्यांचा समज. छापील पोटात, कोरी चंचीत. डॉक्टर म्हणाले, दोन्ही औषधं गोळीभर मिसळलेली असतात, म्हणजे आय दोन्ही निम्मीच घेत होती. असंच चाललं तर पुढचं सांगता येणार नाही म्हणाले. मी ओरडलो, कारण विचारलं, तर मासळीची टोपली उचलून बाजारात विकायला निघून गेली.

ताई, मला भीती वाटते. तुला या दिवसांत प्रवास बंद, नाहीतर बोलावलंच असतं. तुझं बाळ बघायला आय हवी.

होणाऱ्या भाच्यावर लोभ आहेच. उरला तर तुझ्यावर.

तुझा चंदू


आंबिवली
१७ नोव्हेंबर

चि. चंदूस अ. उ. आ.

पत्र वाचून आधी रडले, मग तुझ्यावर चिडले. अरे शहाण्या, आय बाजारात बसते तिथे बायकांसाठी संडास आहे का, हे कधी बघितलंस? लहानपणी मी तिच्याशेजारी बसायचे. त्या सगळ्याजणी घोटभर पाणीसुद्धा पीत नाहीत, कारण जायचं कुठे? पाण्याचं औषध घेऊन ती तिथे बसेल कशी? आणि मुलाला हे सांगायचं म्हणजे तिला मेल्याहून मेल्यासारखं.

ओरडू नकोस. बाजारामागे ठमाबाई राहतात, आयच्या जुन्या गिऱ्हाईक. आयला त्यांचा संडास वापरू देतील का, माझं नाव सांगून विचार. डॉक्टरांनाही खरं कारण सांग. आणि सुकी मासळी बंद कर. कालवणात मीठ नाही म्हणून पथ्य चाललंय असं तुला वाटत असेल, पण खारवलेला बांगडा ती मिठात धरतच नाही, मला माहीत आहे.

आयला नमस्कार, तुला कानपिचकी, जीव दोघांवर.

सगुणाताई


ठाणे
९ डिसेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

कान दुखला, पण बरं झालं. डॉक्टर गोळीची वेळ बदलून द्यायला तयार होते, पण आयचा बाजार दोन्ही वेळचा, म्हणून सकाळच ठेवली. ठमाबाई मला रागावल्या, इतके दिवस का विचारलं नाही म्हणून. आता आयच्या मागोमाग मासळीवाल्या बायकांची अख्खी रांग त्यांच्याकडे जाते आणि त्यांना मासळी विकत घ्यावी लागत नाही.

पायांची सूज उतरतेय. धापेमुळे बसून रात्र काढणारी आय आता आडवी होऊन झोपते आणि चक्क घोरते! बांगड्यावरून मात्र माझ्याशी अबोला आहे. अडकित्ता मी लपवलाय.

तुझी सुटका सुखरूप होवो. राग गेला असेल तर लोभ पाठव.

चंदू


आंबिवली
२२ जानेवारी १९९५

चि. चंदूस अ. उ. आ.

तुला कामावर जायचं होतं म्हणून आय बारशाला एकटी आली. स्टेशनचा पूल एकदाच थांबून चढली म्हणे. दारात टोपली ठेवली आणि नातीकडे न बघता आधी संडास कुठे ते विचारलं. सासूबाई बघतच राहिल्या. मला मात्र हसताहसता रडू फुटलं. आय अख्खी गोळी घेऊन निघाली होती रे!

आता मांडीवर नात घेऊन बसली आहे. तुला सांगायला सांगते, अडकित्ता परत दे, सुपारी दातांनी फुटत नाही.

देऊन टाक. आणि लोभ अख्खा ठेव, अर्धा चंचीत नको.

तुझी सगुणाताई